मुळशीचं मत कोण बनवतं?

मोबाइलवर ‘मुळशी’ एवढंच टाकून शोधलं की आधी पाऊस येतो. ताम्हिणीचा घाट, धुक्यात हरवलेला रस्ता, धबधब्याखाली उभं राहून रील काढणारी मुलंमुली. मग फार्महाउसच्या जाहिराती येतात : तलाव दिसेल असा प्लॉट, टायटल क्लिअर, कर्जाची सोय. आणि या दोन्हींच्या मधून सारखे डोकावत राहतात ते ‘मुळशी पॅटर्न’ चित्रपटातले तुकडे.

प्रवीण तरडे यांचा हा चित्रपट २३ नोव्हेंबर २०१८ रोजी प्रदर्शित झाला. तरडे स्वतः मुळशीचे. त्यांना सांगायचं होतं ते सरळ होतं : जमीन विकली, पैसा आला, पैसा संपला, आणि ज्याच्या बापाने शेत विकलं त्या पोराच्या हातात शेवटी कोयता उरला. चित्रपट संपूर्ण पाहिलेल्या माणसाला हे दुःख कळतं. पण चित्रपट संपूर्ण फिरला नाही, फिरले ते त्याचे वीस-तीस सेकंदांचे तुकडे. त्यांत गाडी होती, गॉगल होता, धमकी होती. विकलेलं शेत मात्र नव्हतं. काही वर्षांतच ‘मुळशी पॅटर्न’ हे दोन शब्द राज्यातल्या कुठल्याही खुनाच्या बातमीला शीर्षक म्हणून चिकटू लागले. २०२१ मध्ये ‘अंतिम’ या नावाने त्याचा हिंदी अवतार आला आणि गोष्ट आणखी लांब गेली. ज्या तालुक्याच्या दुखण्याबद्दल चित्रपट बोलत होता, त्या तालुक्यातल्या मुलाला आज बाहेर कुठे गाव सांगितलं की समोरचा हसून म्हणतो, “अरे बापरे, मुळशी!”

एका तालुक्याबद्दल लाखो लोकांचं मत असं तयार झालं. त्यातल्या बहुतेकांनी मुळशीत पाऊलही टाकलेलं नाही. हे मत कुणी ठरवून पसरवलं नाही, कुणी खोटंही बोललं नाही. फक्त पुढे काय पाठवलं जातं आणि काय मागे राहतं, याचा निवाडा हजारो अंगठ्यांनी मिळून केला. ऑनलाइन लोकमत घडतं कसं हे समजून घ्यायचं तर मुळशीइतकी चांगली जागा दुसरी नाही, कारण लोकमताच्या जोरावर मोठी लढाई लढायचा प्रयत्न इथे शंभर वर्षांपूर्वीच झालेला आहे. त्या लढाईत जे घडलं ते आजच्या मोबाइलवर घडणाऱ्या गोष्टींना विलक्षण जवळचं आहे.

* * *

टाटा पॉवर कंपनी १९१९ मध्ये स्थापन झाली. मुळा आणि नीला या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधायचं, अडवलेलं पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून खाली कोकणात भिऱ्याला सोडायचं, तिथे वीज करायची आणि ती मुंबईला न्यायची, अशी योजना होती. खंडाळ्याच्या परिसरात असं काम टाटांच्या आधीच्या योजनांनी करून दाखवलेलंच होतं. इथे मात्र पाण्याखाली जाणारं खोरं भरवस्तीचं होतं. पन्नासच्या आसपास गावं, अकरा हजारांच्या आसपास माणसं, आणि आंबेमोहोर पिकवणारी भातखाचरं.

सत्याग्रहाच्या इतिहासात सुरुवातीची एक हकिगत नोंदलेली आहे. पाहणीसाठी शेतकऱ्यांना न विचारता त्यांच्या जमिनीत चर खणायला सुरुवात झाली. एका शेतकऱ्याने अडवलं, तेव्हा गोऱ्या अधिकाऱ्याने त्याच्यावर पिस्तूल रोखलं. भूसंपादनाच्या कायद्याची कलमं मावळातल्या माणसाला समजणारी नव्हती. रोखलेलं पिस्तूल लगेच समजलं. आकडे आणि नकाशे जे करू शकत नाहीत ते एक प्रसंग करतो : ऐकणारा क्षणात बाजू घेतो. खोऱ्यातलं हे दुखणं पुण्यात पोचलं आणि तिथल्या पुढाऱ्यांनी ते उचललं.

१६ एप्रिल १९२१, रामनवमी. सुमारे बाराशे मावळे धरणाच्या जागेवर जाऊन बसले. बायका होत्या, कडेवरची पोरं होती. काम थांबलं. ‘केसरी’चे संपादक न. चिं. केळकर या लढ्याच्या मागे उभे होते. त्याच महिन्यात गांधीजींनी ‘यंग इंडिया’त टाटांना उद्देशून लिहिलं, त्याचा आशय असा की, कायद्याने मिळालेल्या हक्कावर अडून बसण्यापेक्षा लोकांना समजावून, त्यांच्या राजीखुशीने जे करायचं ते करणं हेच टाटांच्या मोठ्या नावाला शोभेल. ‘काळ’कर्ते शिवरामपंत परांजपे यांनी या सत्याग्रहात सहा महिन्यांचा तुरुंगवास सोसला. आणि पांडुरंग महादेव बापट, पारनेरचा, पॅरिसमध्ये बाँब बनवण्याची विद्या शिकून आलेला, पुढे ‘चित्रमयजगत’ आणि ‘मराठा’त काम केलेला हा माणूस, खोऱ्यात येऊन राहिला. ‘सेनापती’ ही पदवी त्यांना इथेच मिळाली.

लोकमत तयार करण्याची त्या काळातली सगळी साधनं मुळशीच्या बाजूने होती. पुण्यातली वजनदार वर्तमानपत्रं, शनिवारवाड्यापुढच्या सभा, गावोगावची व्याख्यानं. वर्तमानपत्र एकाने चावडीवर मोठ्याने वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, अशी पद्धत होती, त्यामुळे अक्षरओळख नसलेल्या माणसापर्यंतही मजकूर पोचत असे. वाचून दाखवणारा गावातलाच, ओळखीचा असे. त्याने कुठे थांबायचं, कुठल्या वाक्यावर मान हलवायची, काय गाळायचं, यावरही गावाचं मत ठरे.

पण पुढे काय झालं ते पाहण्यासारखं आहे. सरकारने भरपाई देऊन जमीन ताब्यात घेण्याचा मार्ग कंपनीला मोकळा केला आणि पुण्याचं एकमत दुभंगलं. खोऱ्यातल्या पुष्कळ जमिनी गहाणखतांतून पुण्याच्या सावकारांकडे गेलेल्या होत्या. कागदावर मालक ते, आणि खाचरात उभे कुळं. भरपाई मिळायची ती मालकाला. ज्याला रोकड मिळणार त्याला तडजोड रास्त वाटू लागली. ज्याचं घर, देऊळ, सरण रचायची जागासुद्धा पाण्याखाली जाणार होती, त्याला तडजोड कशाशी करायची तेच कळेना. बापट आणि सत्याग्रहाचे दुसरे पुढारी विनायकराव भुस्कुटे कुळांच्या बाजूला राहिले. वर्तमानपत्रांतला आवाज मात्र मंदावत गेला. डिसेंबर १९२४ मध्ये बापटांनी शस्त्रं घेऊन कंपनीच्या कामाची रेल्वेगाडी अडवली आणि सात वर्षांच्या शिक्षेवर गेले. १९२७ मध्ये भिऱ्याचं वीजघर सुरू झालं.

मावळ्यांचं स्वतःचं म्हणणं आज आपल्याला कुठे वाचायला मिळतं? भुस्कुट्यांच्या पुस्तकात, प्रा. राजेंद्र व्होरा यांच्या संशोधनात, त्या वेळच्या अंकांत. म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्यात. ज्यांची जमीन जात होती त्यांच्या हाती छापखाना नव्हता. १९२१ मध्ये मुळशीचं म्हणून जे लोकमत देशभर पोचलं ते प्रामाणिक होतं, त्याने माणसं तुरुंगात गेली, पण त्याचा कणा पुण्यात होता. तो तिथे वाकला तेव्हा खोऱ्याला दुसरा कणा नव्हता. आज प्रत्येकाच्या हाती फोन असताना हा प्रश्न सुटला असेल, असं वाटणं साहजिक आहे.

* * *

मुळशी तालुक्याचं पूर्वेकडचं टोक म्हणजे हिंजवडी आणि माण. राजीव गांधी इन्फोटेक पार्क इथे आहे. मराठी माणूस ‘मुळशी’ म्हटल्यावर धरण आणि डोंगर पाहतो, पण राज्यातल्या सर्वांत गजबजलेल्या आयटी वस्त्यांपैकी एक या तालुक्यातल्या ग्रामपंचायतींच्या हद्दीत उभी आहे.

जून २०२५ च्या सुरुवातीला मोठा पाऊस झाला आणि हिंजवडीतल्या रस्त्यांचे ओढे झाले. गुडघाभर पाण्यातून जाणाऱ्या दुचाक्या, बुडालेले दुभाजक, बंद पडलेल्या बसगाड्या. इथे काम करणारे लोक दिवसभर पडद्यासमोर असतात. त्यांनी चित्रफिती टाकल्या, मंत्र्यांना आणि कंपन्यांना टॅग केलं, सह्यांची मोहीम चालवली, आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेने हिंजवडी मोकळी करा असा घोषाच लावला. हिंजवडी ग्रामपंचायतीतून काढून पिंपरी-चिंचवड महापालिकेत घाला, अशी मागणी झाली. कंपन्या बंगळूर-हैदराबादला चालल्या, हे वाक्य रोज कुठे ना कुठे दिसू लागलं.

आणि सरकार हललं. तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार जुलैत भल्या पहाटे हिंजवडीत उतरले, पुन्हा आले, अधिकाऱ्यांना धारेवर धरलं, अतिक्रमणं काढायला सांगितली, रस्ते रुंद करण्याचे आदेश सुटले. २६ जुलैच्या भेटीत सरपंच त्यांना गावाची अडचण सांगू लागले, रुंदीकरणात जाणाऱ्या देवळाचा विषय निघाला. त्यावर पवारांनी धरणं होतात तेव्हा देवळं जातातच की, असं ऐकवलं आणि आयटी पार्क राज्याबाहेर चाललंय, आपलं वाटोळं झालं, असं चारचौघांत बोलून गेले. ते सगळं कॅमेऱ्यात आलं आणि तासाभरात राज्यभर फिरलं.

मुळशी तालुक्यातल्या गावाला धरणाचा दाखला दिला जातो, याचं वजन ज्यांना कळायला हवं होतं त्यांना कळलं असेल. बाहेर मात्र त्या चित्रफितीवर दोनच प्रकारची मतं पडली : दादा बोलले ते बरोबर, नाहीतर दादा असे बोललेच कसे. रस्ता रुंद करताना कुणाचं काय जाणार आहे, त्याला काय मिळणार, आयटी पार्कसाठी गावाने आधीच किती जमीन दिली आहे आणि ओढे कुणी बुजवले, हा तपशील त्या हजारो प्रतिक्रियांत शोधावा लागला.

इथे कुणा एकाला खलनायक करायचं कारण नाही. रोज दोन दोन तास गाडीत अडकणाऱ्या मुलीची तक्रार शंभर टक्के खरी आहे. तिच्याकडे बोलायचं साधन आहे, भाषा आहे, तिच्यासारखे लाखभर लोक आहेत, आणि तिने ते वापरलं हे चांगलंच केलं. तिने आवाज उठवला नसता तर पहाटेची ती भेटही झाली नसती. पण फोन गावकऱ्यांकडेही आहेत, चांगले महागडे आहेत, तरीही त्यांचं म्हणणं तसं फिरलं नाही. फोन असून भागत नाही. आपलं म्हणणं कुठल्या भाषेत, कुणाच्या ओळखीतून, कुणाच्या पडद्यावर जातं हे महत्त्वाचं. सरपंचांच्या वाक्याचं रील होत नाही. त्यांना अडवणाऱ्याच्या वाक्याचं होतं.

* * *

काय फिरतं आणि का फिरतं, यावर जगात पुष्कळ काम झालं आहे. त्यातल्या दोन-तीन गोष्टी इथे सांगण्याजोग्या आहेत.

कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी एक प्रयोग केला. २००६ मध्ये तो प्रसिद्ध झाला. अनोळखी वादकांची ४८ गाणी संकेतस्थळावर ठेवली आणि चौदा हजारांहून अधिक लोकांना ऐकायला दिली. काहींना फक्त गाणी दिसत होती. बाकीच्यांना आठ वेगवेगळ्या गटांत वाटलं आणि आपल्या गटात कुठलं गाणं किती जणांनी उतरवून घेतलं, तो आकडाही दाखवला. गाणी तीच, माणसं साधारण सारखीच, पण आठ गटांत वर आलेली गाणी निरनिराळी निघाली. एका गटात पहिल्या काही जणांनी जे उचललं ते पुढच्यांनी उचललं, दुसऱ्यात दुसरंच. अगदी भिकार गाणी सहसा वर आली नाहीत आणि फार चांगली तळाला गेली नाहीत, पण मधल्या साऱ्यांचं नशीब पहिल्या मूठभरांनी ठरवलं. अमक्या पोस्टला पन्नास हजार लाइक आहेत म्हणून ते लोकांचं मत, असं म्हणण्याआधी हा प्रयोग आठवावा. पन्नास हजारांतल्या पुष्कळांनी आधीच्या दहा हजारांकडे पाहून अंगठा उमटवलेला असतो.

दुसरी गोष्ट खोट्याची. मॅसॅच्युसेट्समधल्या एमआयटीच्या तिघांनी ट्विटरवरच्या २००६ ते २०१७ या काळातल्या सुमारे एक लाख सव्वीस हजार बातम्यांचा माग काढला. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खऱ्यापेक्षा ७० टक्के जास्त निघाली, आणि दीड हजार लोकांपर्यंत पोचायला खऱ्या बातमीला खोटीच्या सहापट वेळ लागला. यंत्रमानवी खाती हे करत असतील असा अंदाज होता. तो खरा ठरला नाही. माणसंच करत होती. नवं, चकित करणारं, चीड आणणारं पुढे ढकलायची ओढ माणसांचीच.

तिसरी गोष्ट सर्वांत जुनी. १९४० च्या अमेरिकेतल्या निवडणुकीत पॉल लॅझर्सफेल्ड आणि सहकाऱ्यांनी ओहायो राज्यातल्या एका भागातल्या मतदारांना महिनोन्‌महिने पुनःपुन्हा भेटून विचारलं. रेडिओ आणि वर्तमानपत्रं मतं पालटवतात असं सगळे धरून चालले होते. प्रत्यक्षात लोक ओळखीच्या माणसाचं ऐकत होते. वर्तमानपत्र तो माणूस वाचत होता, आणि बाकीचे त्याला विचारत होते. आपल्या चावडीवरच्या वाचणाऱ्याला हे कुणी सांगायला नको होतं. व्हॉट्सअॅपचा ग्रुप ही त्याच चावडीची वाढलेली आवृत्ती आहे, फक्त इथे वाचून दाखवणाऱ्याला मजकूर कुणी लिहिला तेच माहीत नसतं. ‘जसं आलं तसं पुढे पाठवतोय’ एवढं लिहिलं की त्याची जबाबदारी संपते. ऐकणारा मात्र मजकुरावर विश्वास ठेवत नसतो, पाठवणाऱ्यावर ठेवत असतो. मामाने पाठवलंय, म्हणजे असेल.

* * *

हा विश्वास काय करू शकतो, ते महाराष्ट्राने १ जुलै २०१८ रोजी पाहिलं.

त्या सुमारास देशभर एक चित्रफीत फिरत होती. गल्लीत मुलं खेळताहेत. मोटरसायकलवरून दोघे येतात, मागचा माणूस एका पोराला उचलतो आणि गाडी सुसाट निघून जाते. चित्रफीत तिथेच संपत होती. सोबत मजकूर असे : मुलं पळवणारी टोळी आपल्या भागात शिरली आहे, सावध राहा, सगळ्या ग्रुपवर टाका. मुळात ती पाकिस्तानातल्या कराचीत मुलांच्या सुरक्षिततेसाठी काढलेली जाहिरात होती. मूळ चित्रफितीत गाडी वळून परत येते, मुलाला खाली उतरवलं जातं आणि गाडीवरचा माणूस एक फलक उघडून दाखवतो. मूल पळवायला क्षणच पुरतो, म्हणून लक्ष ठेवा, असा त्यावर इशारा आहे. कुणीतरी शेवटचे ते काही सेकंद कापले. सगळा अर्थ त्या सेकंदांत होता.

धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा हे आदिवासी वस्तीचं गाव. तो रविवार होता, बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातले पाच जण भिक्षा मागत तिथे आले होते. मंगळवेढ्याकडचे. पिढ्यान्‌पिढ्या असंच गावोगाव फिरून पोट भरणारे. त्यांतला एक जण एका लहान मुलीशी बोलला, आणि जमाव जमला. पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून ठेचून मारलं. त्याच रात्री मालेगावात अशाच संशयावरून जमावाने घेरलेल्या एका कुटुंबाला पोलिसांनी कसंबसं वाचवलं.

राईनपाड्यातल्या लोकांना अडाणी म्हणून मोकळं होणं सोपं आहे, आणि ते चुकीचंही आहे. त्यांच्या फोनवर आलेला मजकूर शिकलेल्या, नोकरदार, शहरी माणसांच्या फोनवरून उड्या मारत आला होता. तो प्रत्येकाने मुलांच्या काळजीपोटीच पाठवला होता. वाईट हेतू कदाचित फक्त शेवटचे सेकंद कापणाऱ्याचा होता. बाकीची सारी साखळी चांगल्या हेतूची आहे, आणि तिच्या टोकाला पाच मृतदेह आहेत. भटक्या माणसाबद्दलचा संशय तर आधीपासून होताच. मोबाइलने त्याला तारीख आणि पत्ता दिला.

त्या महिन्यात व्हॉट्सअॅपने पुढे पाठवलेल्या मजकुरावर तशी खूण दाखवायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये फार फिरलेला मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल, असं केलं. त्यानंतर असे संदेश ७० टक्क्यांनी घटले, असं कंपनीने सांगितलं. म्हणजे एका बटणाच्या रचनेत बदल केला की कोट्यवधींच्या वागण्यात बदल होतो. मग तो बदल पाच माणसं मरायच्या आधी का होऊ शकला नाही, हा प्रश्न विचारायलाच हवा.

* * *

मुळशीकडे परत यायचं तर २०२५ च्या मे महिन्यात यावं लागेल. पौडमध्ये, म्हणजे तालुक्याच्या ठाण्याच्या गावी, एका मंदिरातल्या अन्नपूर्णा देवीच्या मूर्तीची विटंबना झाली. गुन्हा दाखल झाला, अटक झाली. कायद्याचं काम सुरू झालं होतं. पण प्रकार फोनाफोनी पसरला, संताप उसळला, मोर्चा निघाला, आणि थोड्याच दिवसांत पिरंगुट, घोटावडे अशा गावांत बाहेरगावच्या मुस्लिमांनी शुक्रवारच्या नमाजाला इथे येऊ नये, अशा आशयाचे फलक लागले. एका गावचा फलक दुसऱ्या गावाने फोनवर पाहिला, आणि मग तिथेही फलक उभा राहिला.

देवीच्या मूर्तीला हात लागला तर गावाला संताप येणारच. तो संताप खोटा ठरवण्याचा अधिकार कुणाला नाही. पण एका आरोपीच्या कृत्यावरून सुरू झालेली गोष्ट कारखान्यात कामाला येणाऱ्या, या प्रकाराशी संबंध नसलेल्या शेकडो माणसांवर जाऊन थांबली. पिरंगुटचा औद्योगिक पट्टा बाहेरून आलेल्या कामगारांवर चालतो. ते कुठे राहतात, काय खातात, शुक्रवारी दुपारी अर्धा तास कुठे जातात, हे गावाला माहीत होतं आणि आजवर त्याचं कुणाला काही वाटलं नव्हतं. मत बदलायला फार दिवस लागले नाहीत. ज्यांना ते फलक पटले नाहीत असे लोक त्या गावांत नव्हते, असं मानायला मन तयार होत नाही. जर्मन संशोधक एलिझाबेथ नोएल-नॉयमान यांनी १९७४ मध्ये मांडलं होतं की आपण अल्पमतात आहोत असं वाटणारा माणूस गप्प बसतो, त्याच्या गप्प बसण्याने समोरचा पक्ष आणखी मोठा दिसतो, आणि मग आणखी माणसं गप्प होतात. गावच्या ग्रुपवर तर रोज समोरासमोर भेटणारी माणसं असतात. तिथे ‘हे बरोबर नाही’ असं एक वाक्य टाइप करून पाठवायला जे धैर्य लागतं ते अनोळखी लोकांशी भांडायला लागत नाही.

* * *

याच्या अगदी उलट वाटणारा प्रसंग त्यानंतर अडीच महिन्यांनी कोल्हापूर जिल्ह्यात घडला. नांदणीच्या जैन मठातली महादेवी हत्तीण, लोकांची माधुरी, न्यायालयाच्या आदेशाने जुलैच्या अखेरीस जामनगरच्या ‘वनतारा’ या रिलायन्सच्या प्राणी केंद्रात नेली. तिला निरोप देणाऱ्या गावकऱ्यांच्या चित्रफिती फिरल्या. हजारोंनी रिलायन्सच्याच जिओचे नंबर दुसऱ्या कंपनीकडे वळवले, सह्यांची मोहीम लाखाच्या वर गेली, आणि ३ ऑगस्टला नांदणीहून कोल्हापूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयापर्यंत मूक पदयात्रा निघाली. आठवड्याभरात मुख्यमंत्र्यांनी बैठक घेतली, आणि ‘वनतारा’ने नांदणी परिसरातच हत्तिणीसाठी पुनर्वसन केंद्र उभारण्याचा प्रस्ताव मांडला.

इथे लोकमत जिंकलं असं म्हणावं लागेल, आणि त्याचं कारण चित्रफिती नव्हे. चित्रफिती तर सगळ्याच गोष्टींच्या फिरतात. इथली माणसं स्वतःच्या नावाने सही करत होती, स्वतःचा नंबर बदलत होती, आणि शेवटी चाळीसहून अधिक किलोमीटर चालली. मत मांडायची किंमत त्यांनी मोजली. मुळशीचे मावळे रामनवमीला धरणाच्या जागेवर बसले तेव्हा त्यांनीही मोजली होती. तरीही एक गोष्ट खटकते. न्यायालयाने हत्तीण हलवायला सांगितली ती तिच्या पायांच्या आणि सांध्यांच्या दुखण्याचे अहवाल पाहून. त्या दिवसांतल्या लाखो संदेशांत हे अहवाल वाचून, त्यातलं काय पटलं नाही ते सांगणारे फार थोडे होते. प्रेम एवढं खरं असताना तिच्या पायांची चौकशी आधी व्हायला हवी होती.

* * *

लोकमत नोंदवण्याची सरकारी जागा वेगळीच आहे, आणि ती फोनवर फारशी दिसत नाही. पुणे महानगर विकास प्राधिकरणाने २०२१ मध्ये आपला प्रारूप विकास आराखडा जाहीर केला. मुळशीतली पुष्कळ गावं त्यात होती. कुणाच्या शेतावर रस्ता, कुणाच्या घरावर आरक्षण. त्यावर लोकांनी हजारोंच्या संख्येने लेखी हरकती दिल्या. सर्व्हे नंबर घालून, सातबारा जोडून, सुनावणीला रांगेत उभं राहून. त्यातली एकही व्हायरल झाली नाही. २०२५ मध्ये तो आराखडा राज्य सरकारने रद्द केला. त्यामागे न्यायालयीन वाद होते, राजकारणही होतं, पण त्या हरकतींच्या ढिगाने या आराखड्याची वाट अवघड केली, हे नाकारता येत नाही.

महाराष्ट्राच्या कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीला वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. गावच्या मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण तिचा सभासद असतो. त्याने जमीन विकली असो, कसत असो, की तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहत असो. हिंजवडी-माणच्या सोसायट्यांत राहणाऱ्या किती जणांनी आपलं नाव त्या यादीत घातलं आहे? किती जण सभेला गेले आहेत? आणि गावातल्या जुन्या मंडळींनी किती जणांना बोलावलं आहे? रस्ता, कचरा, ओढ्यावरचं बांधकाम, देऊळ, मशीद, कामगारांच्या खोल्या हे सगळे विषय तिथे नाव-गाव सांगून, समोरच्याच्या डोळ्यांत पाहून बोलता येतात, आणि जे बोललं ते इतिवृत्तात लिहून घ्यायला लावता येतं. ग्रामसभेची नोटीस ग्रामपंचायतीच्या फलकावर लागते. तिचा फोटो काढून आपल्या गावच्या आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाका, आणि त्या दिवशी जा.